गाडीला कूलर बसवू का?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, कूलर म्हटलं की आपल्या सोलापूरकडच्या माणसाला आठवतो तो खिडकीबाहेर टांगलेला पत्र्याचा डबा, त्यातली भिजलेल्या वाळ्याची जाळी आणि दुपारभर चालणारी घरघर. मी आज ज्या कूलरबद्दल बोलणार आहे तो याच कुळातला, पण फार लहान. वहीच्या पानाएवढी ॲल्युमिनियमची जाळी, तिला जोडलेल्या दोन नळ्या, आणि तिची जागा मोटारसायकलच्या इंजिनासमोर. त्याला ऑइल कूलर म्हणतात. काही गाड्यांना तो कारखान्यातूनच बसून येतो. ज्यांना येत नाही त्यांचे मालक, विशेषतः उन्हाळा लागला की, तो बाजारातून आणून बसवावा का या विचारात पडतात.

आता या विषयावर कविता लिहिणाऱ्या माणसानं का बोलावं, असं कुणी विचारील. तर आमच्या घरात गॅरेज आहे. अब्बांनी ते काढलं, थोरल्या भावानं चालवलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालो आणि पुस्तकांकडे वळलो. तरी शाळेच्या सगळ्या सुट्ट्या रॉकेलच्या डब्यात नट-बोल्ट धुण्यातच गेल्या. त्या वासाचे संस्कार यमकापेक्षा जुने आहेत. शिवाय गेल्या उन्हाळ्यात हा प्रश्न आमच्याच घरात, धाकट्या बहिणीच्या मुलाच्या रूपानं येऊन उभा राहिला. त्याच्याकडे मी येतोच. आधी इंजिन तापतं म्हणजे काय होतं ते पाहू.

पेट्रोल जळून जी उष्णता निघते, तिच्यातली साधारण पाव ते एक तृतीयांशच गाडी पुढे ढकलायच्या कामी येते. उरलेली काही सायलेन्सरवाटे जाते, काही इंजिनाच्या अंगात उतरते. सिलिंडरच्या आत क्षणभर पेटणारा वायू दोन हजार अंशांच्या वर जातो. एवढ्या भट्टीशेजारी धातूचे तुकडे एकमेकांवर घासत राहायचे, तेही मिनिटाला तीन-चार हजार फेऱ्या. ते टिकतात याचं कारण मध्ये असलेला ऑइलचा पातळ थर. ऑइल घर्षण कमी करतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण ते उष्णताही वाहून नेतं. पिस्टनच्या पोटाखालून, हेडच्या आतून ती उचलतं आणि खाली तळाशी आणून सोडतं. बाहेरच्या बाजूला सिलिंडरवर ज्या आडव्या पात्या दिसतात, ज्यांना मिस्त्री लोक फिन म्हणतात, त्या वाऱ्याला उष्णता देतात.

ऑइलला स्वतःला मात्र उष्णता फार सोसत नाही. डब्यावर '२० डब्ल्यू ५०' किंवा '१५ डब्ल्यू ५०' असं लिहिलेलं असतं. त्यातला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा. दुसरा आकडा शंभर अंशांवरच्या दाटपणाचा. म्हणजे शंभर अंश ही ऑइलच्या दृष्टीनं काही आपत्ती नाही, ती त्याची रोजची नोकरी आहे. हवेवर थंड होणाऱ्या गाडीत ऑइल नव्वद ते एकशे दहाच्या दरम्यान असलं तर मिस्त्रीनं निवांत चहा प्यावा. एकशे वीस-पंचवीसच्या वर ते तासन्‌तास राहू लागलं की साधं खनिज ऑइल लवकर म्हातारं होतं. रसायनशास्त्रातला एक ढोबळ नियम सांगतो की दर दहा अंशांना ऑइल खराब होण्याचा वेग दुप्पट होतो. थर पातळ होतो, काळा पडतो. त्याही पुढे गेलं तर ॲल्युमिनियमचा पिस्टन फुगतो. बाहेरच्या बिडाच्या मानानं ॲल्युमिनियम दुपटीनं पसरतं, त्यामुळे पिस्टन सिलिंडरला धरतो. गॅरेजच्या भाषेत इंजिन 'सीझ' होतं. चालत्या गाडीत हे झालं तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. अशा वेळी पहिलं काम क्लच दाबणं. हे मी मुद्दाम सांगतो आहे, कारण आमच्या एका गिऱ्हाइकाचं गळ्याजवळचं हाड असंच मोडलं होतं, आणि त्याच्या मागून येणारा आमचा भाचा ते बघत होता.

त्या भाच्याचा व्यवसाय असा की तो यंत्रमागावरचे टॉवेल आणि चादरी घाऊक घेतो आणि आठवडी बाजारांना नेऊन विकतो. मोहोळ, बार्शी, अक्कलकोट, तुळजापूर. टेम्पोचं भाडं परवडत नाही म्हणून सगळा माल मोटारसायकलवर. गाडी २०१४ सालची, साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची, कार्बोरेटरवाली. कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. त्या घडणीची कुठलीही गाडी असती तरी गोष्ट हीच झाली असती. मे महिन्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असताना तुळजापूरचा घाट चढून गेलं की गाडीचा आवाज बदलायचा, गिअर बदलताना पाय अडखळायचा, आणि मांड्यांना चटका बसायचा. एकदा बाजारपेठेतल्या गर्दीत गाडी बंद पडली आणि अर्धा तास चालू होईना. त्या दिवशीचा बाजार अर्धा गेला. त्याच्यावर बचत गटाचं कर्ज आहे, घरात दोन लहान मुली आहेत. गाडी गेली तर धंदाच गेला. रात्री माझ्याकडे आला आणि आमच्या घरच्या दखनीत म्हणाला, "मामू, गाडीकू कूलर बिठाऊं क्या?"

कूलर, नळ्या, जोडणी आणि मजुरी मिळून एका दुकानदारानं त्याला साडेसहा हजार सांगितले होते. त्याच्यापाशी तेवढे होते. मुलीच्या शाळेसाठी ठेवलेले होते, एवढंच.

आता या वादात दोन पक्ष असतात. तरुणांचा पक्ष म्हणतो, कंपन्या लावतात म्हणजे चांगलंच असणार. ते खोटं नाही. जपानच्या सुझुकीनं १९८५ साली साडेसातशे सीसीची शर्यतीच्या घडणीची जी गाडी काढली, तिचं इंजिन ऑइलनंच थंड केलं होतं. आपल्या पुण्याच्या बजाजनं २००७ मध्ये पल्सर २२० आणली तिच्यावर ऑइल कूलर होता. २०१६ च्या चारशे अकरा सीसीच्या हिमालयनवर तो होता, २०१८ मध्ये आलेल्या साडेसहाशेच्या जुळ्या सिलिंडरवाल्या एन्फिल्डांवरही. पण त्याच कंपनीनं २०२० मध्ये साडेतीनशेचं नवं इंजिन आणलं. ते हवा आणि ऑइल अशा दोन्हींनी थंड होतं, आणि त्याच्यासमोर वेगळी जाळी नाही. ऑइल आतल्याच वाटांनी हेडभोवती खेळवलं आहे. म्हणजे कूलर हा काही दागिना नाही. पंप किती ऑइल ढकलतो, कुठून ढकलतो, उष्णता नेमकी कुठे साठते, याचा हिशेब करून तो लावला किंवा वगळला जातो.

दुसरा पक्ष जुन्या मिस्त्रींचा. त्यांचं म्हणणं, एवढी वर्षं गाड्या कूलरविना चालल्या, आताच काय झालं? माझे भाईजान याच पक्षाचे. इंजिनावर पाण्याचा थेंब टाकून तो किती वेळात उडतो त्यावरून ते निदान करतात आणि बहुधा बरोबर करतात. पण थेंब फिनवर टाकलेला असतो, ऑइल आत असतं. शिवाय आता त्यांचं वय अडुसष्ट. हात थोडा कापतो. भाचा त्यांच्यासमोर काही बोलला नाही, पण बाहेर आल्यावर मला म्हणाला, "बड्या मामूंचं बरोबर असेल, पण घाटात गाडी धरली तर मागून येणारा ट्रक थांबणार आहे का?" त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

मग आम्ही मोजायचं ठरवलं. मला वाटतं, या प्रश्नात जवळजवळ सगळी माणसं हीच एक पायरी गाळतात. ऑइल भरायच्या टोपणाच्या जागी बसणारा एक काटा मिळतो. खाली दांडी, वर घड्याळासारखी तबकडी. दांडी ऑइलच्या बाजूला, तबकडी बाहेर. हजाराच्या आत येतो. काही लोक बंदुकीसारखा थर्मामीटर रोखतात. २०२० च्या करोनाकाळात दुकानादुकानांत आलेली, कपाळावर रोखायची बंदूक यासाठी उपयोगाची नाही. ती माणसाच्या तापासाठी, बेचाळीस-त्रेचाळीसच्या आसपास तिची धाव संपते. कारखान्यात वापरतात ती वेगळी. तीही चकचकीत ॲल्युमिनियमवर फसते, कमी आकडा दाखवते. तिथे काळ्या रंगाचा ठिपका लावून त्यावर रोखावी लागते. आम्ही काटाच घेतला.

मालासकट सोलापूरहून तुळजापूर, पंचेचाळीसएक किलोमीटर. मी मागे बसायला जागाच नव्हती, म्हणून दुसऱ्या गाडीवरून मागोमाग गेलो. सपाट रस्त्यावर ताशी साठच्या वेगानं काटा एकशे आठ. घाटमाथ्यावर एकशे एकोणीस. आणि गावात शिरल्यावर, रिक्षा, भाविक आणि हातगाड्यांच्या गर्दीत पंधरा मिनिटं रांगत गेल्यावर, एकशे एकतीस. म्हणजे भाच्याची तक्रार खरी होती. भाईजाननी तो आकडा दोनदा विचारला आणि गप्प बसले.

तुम्ही म्हणाल, मग झालं की, बसवा कूलर. पण त्या आकड्यांकडे जरा नीट बघा. सगळ्यात जास्त ताप कुठे होता? जिथे गाडी जवळजवळ उभी होती तिथे. आणि ऑइल कूलर उष्णता कुणाला देतो? समोरून येणाऱ्या वाऱ्याला. गाडी थांबली की वारा थांबतो, आणि वारा थांबला की ती जाळी नुसतीच गरम होऊन बसते. तिला पंखा नसतो. घरातला कूलर बंद खोलीत ठेवून त्याचा पंखा काढून घेतला तर जे होईल तेच. मोकळ्या रस्त्यावर, शंभराच्या वेगानं, दोघं बसून तासन्‌तास जाणाऱ्या गाडीला कूलर दहा-पंधरा अंशांचा दिलासा सहज देऊ शकतो. बाजारपेठेत रांगणाऱ्या गाडीला तो तेवढा देत नाही.

दुसरी गोष्ट भाईजानना दिसली, आणि ती दिसायला काटा लागला नाही. भाचा माल कसा बांधतो ते त्यांनी पहिल्यांदाच नीट पाहिलं. मागे चार गठ्ठे, टाकीवर एक, आणि पुढच्या लेगगार्डला डावीकडे एक, उजवीकडे एक. टॉवेलांचे गच्च गठ्ठे, वरून मेणकापड. वाऱ्याचं इंजिनाकडे येणारं दारच बंद. "अरे, तू तर इंजिनाला गोधडी पांघरलीस," भाईजान म्हणाले. आणि दुकानदार कूलर कुठे बसवणार होता? त्याच दोन गठ्ठ्यांच्या मधल्या फटीच्या मागे.

गठ्ठे काढल्यावर आणखी एक प्रकार निघाला. गाडी रोज यंत्रमागाच्या खोलीच्या दाराशी उभी असते. तिथे हवेत सुताचा भुसा तरंगत असतो. फिनवर झिरपलेलं ऑइल, त्यावर हा भुसा, त्यावर रस्त्याची काळी माती. सगळ्याचा मिळून नमदा तयार झाला होता. मी स्वतः जुन्या दातांच्या ब्रशनं तो खरवडला. कोट घालून कुणी मे महिन्यात हिंडत नाही, गाडीला मात्र आपण हिंडवतो.

प्लग काढला तर टोक पांढरंफटक. ते चहाच्या रंगाचं, फिकट तपकिरी असायला हवं. पांढरं म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, आणि जळण जास्त गरम. कारण उघड होतं. भाच्यानं वर्षभरापूर्वी मोठ्या आवाजाचा सायलेन्सर बसवला होता, कार्बोरेटरचा जेट तोच ठेवून. त्या सायलेन्सरवर पोलीस दंड करतात तो भाग निराळा. जुना सायलेन्सर माळ्यावर होता, तो परत चढवला. ऑइल बदलायला तीन महिने उशीर झाला होता, आणि पातळीही खूण सोडून खाली गेली होती. कमी ऑइलला तेवढीच उष्णता वाहायची असते, म्हणजे प्रत्येक थेंबावर ओझं जास्त. नवं सिंथेटिक ऑइल भरलं, कंपनीनं सांगितलेल्या आकड्याचंच. इथे एक सूचना. मोटारगाडीचं महागडं ऑइल दुचाकीत घालू नका. दुचाकीचा क्लच बहुधा त्याच ऑइलात बुडालेला असतो, आणि मोटारीच्या काही ऑइलांनी तो घसरतो. घसरणारा क्लच स्वतःच उष्णता करतो. डब्यावर 'जासो एम.ए.' ही अक्षरं आहेत का ते बघा.

एवढं करून पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. पुढचे गठ्ठे काढलेले होते. सपाटीवर सत्त्याण्णव, घाटमाथ्यावर एकशे सात, गावातल्या गर्दीत एकशे अठरा. त्या दिवशी ऊन आधीइतकंच होतं.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण भाचा आनंदला नाही. त्याचा हिशेब सरळ होता. पुढचे दोन गठ्ठे म्हणजे त्याचा नफा. बाकी गठ्ठ्यांत मालाची किंमत, पेट्रोल आणि हप्ता सुटतो, घरात जे येतं ते त्या दोन गठ्ठ्यांतून. "वारा इंजिनाला दिला तर पोरींना काय देऊ?" हे त्यानं रागानं म्हटलं नाही, नुसतं विचारलं. श्रोतेहो, गाडीच्या बाबतीत सल्ला देणारे आपण सगळे इथेच कमी पडतो. आपण इंजिनाचं आयुष्य मोजतो, आणि समोरचा माणूस आठवडा मोजत असतो.

कूलर बसवून गठ्ठे तिथेच ठेवायचे, असा एक मधला मार्ग त्याच्या मनात होता. मी त्याला कूलरची दुसरी बाजू सांगितली. या जाळीत आणि नळ्यांत वाटी-दीड वाटी ऑइल मावतं. ते जास्तीचं भरावं लागतं, आणि इंजिन चालवून बंद केल्यावर पातळी पुन्हा बघावी लागते. ते राहून गेलं तर कूलर लावून आपण ऑइल कमी केल्यासारखं होतं. नळ्या आतून अरुंद असल्या तर हेडपर्यंत ऑइल पोचायला दमतं. नळी घासून फुटली तर दाबाखालचं ऑइल थेट मागच्या टायरवर, आणि तेही घाटात. चांगल्या जोडणीत हे होत नाही. पण चांगली जोडणी साडेसहा हजारांत मिळते का, हे मला सांगता येईना. गाडी नवी असती तर वॉरंटीही गेली असती.

आणखी एक आहे, जे उन्हाळ्यात कुणाच्या लक्षात येत नाही. डिसेंबरात सकाळी अंगाला गारवा झोंबत असताना गाडी चार किलोमीटर जाऊन थांबली तर ऑइल तापतच नाही. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, ती ऑइलात उतरते आणि उडून जायला ऑइल पुरेसं गरम असावं लागतं. ते सतत सत्तरच्या खाली राहिलं तर टोपणाखाली ताकासारखा फेस जमतो. म्हणून चांगल्या कूलरबरोबर थर्मोस्टॅट असतो, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांच्या आसपास उघडणारी झडप. तोवर ऑइल जाळीकडे जातच नाही. बाजारातल्या स्वस्त संचात ती नसते. मग लोक थंडीत जाळीसमोर पुठ्ठा बांधतात आणि उन्हाळ्यात काढायला विसरतात.

शेवटी काय केलं? वेल्डिंगवाल्याकडून मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला दोन चौकटी करून घेतल्या, दूधवाले कॅनसाठी करतात तशा. त्यात पुढचा एक गठ्ठा बसला. दुसरा बसवला असता तर मागचं वजन इतकं झालं असतं की चढावर हँडल हलकं पडलं असतं. तो गठ्ठा सोडावा लागला. तेवढं नुकसान आहे, आणि ते मी झाकत नाही. त्याच्या बदल्यात भाच्यानं लहान मुलांच्या झबल्यांचा हलका माल टाकीवरच्या पिशवीत घ्यायला सुरुवात केली आहे. त्यात किती सुटतं ते अजून नक्की नाही. गर्दीत मिनिटभरापेक्षा जास्त थांबायचं झालं तर तो इंजिन बंद करतो. ऑइल ठरल्या किलोमीटरच्या आधीच, अडीच हजारांना बदलतो. मुलीचे पैसे शाळेत भरले गेले.

तरी कूलरचा विषय आमच्याकडे बंद झालेला नाही. येत्या वर्षी त्याला महिन्यातून दोनदा हैदराबादला माल न्यायचा आहे. तीनशे किलोमीटरचा सरळ हमरस्ता, वेग जास्त, थांबे कमी, आणि समोरून भरपूर वारा. कूलरला शोभणारा रस्ता तो. पहिल्या खेपेला काटा लावून जायचं ठरलं आहे. तासभर एकशे पंचवीसच्या वर राहिला तर कूलर घ्यायचा, थर्मोस्टॅटसकट, आणि इंजिनासमोरच्या उभ्या नळीवर, जिथे गठ्ठा बांधताच येणार नाही अशा जागी. ती जागा भाईजाननी खडूनं आखून ठेवली आहे.